राग येणे आणि राग धरणे

गेल्या प्रायश्चित्तकाळात आमच्या धर्मग्रामात क्रोध या विषयावर माझे प्रवचन झाले. प्रवचन संपल्यावर लोक पांगले, पण एक तरुण दाराशी घुटमळत राहिला. तिशी ओलांडलेला, चांगला शिकलेला, एका कंपनीत जबाबदारीच्या जागेवर असलेला. मी बाहेर येताच त्याने थेट विषयाला हात घातला.

“फादर, तुम्ही क्रोधाची गणना पापांत केलीत. पण मेंदूचे डॉक्टर म्हणतात, डोक्यात बदामाएवढा एक भाग असतो. कुणी डिवचलं, की आपल्याला कळायच्या आत तो पेट घेतो. परवा रात्री जेवताना माझ्या हातून ताट भिंतीवर भिरकावलं गेलं. मी ठरवून भिरकावलं नाही, भिरकावलं गेलं. मग ते पाप माझं की त्या बदामाचं?”

त्याची पत्नी लहान मुलाचा हात धरून चार पावलांवर उभी होती. ती काही बोलली नाही.

हा प्रसंग पापनिवेदनातील नव्हे. त्या दोघांच्या संमतीने, ओळख पटेल असा तपशील गाळून मी तो येथे सांगत आहे. तरुणाचा प्रश्न उद्धटपणाचा नव्हता. तो प्रामाणिक होता आणि प्रामाणिक प्रश्नाला धर्मगुरूने वचनांची ढाल पुढे करून उत्तर देऊ नये. म्हणून त्या दिवशी मी त्याला एवढेच म्हणालो, “मला थोडा वेळ दे.” हा लेख म्हणजे त्या मागून घेतलेल्या वेळाचा हिशेब आहे.

प्रथम विज्ञानाची बाजू नीट ऐकून घेऊ. मेंदूच्या दोन्ही बाजूंना, कानशिलांच्या आत खोलवर, बदामाच्या आकाराचा एकेक पुंजका आहे. त्याचे नाव अमिग्डाला. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थच बदाम. न्यूयॉर्क विद्यापीठातील संशोधक जोसेफ लेडू यांनी उंदरांवर अनेक वर्षे प्रयोग करून दाखवले, की धोक्याची खूण ठरलेला आवाज या पुंजक्यापर्यंत दोन वाटांनी पोहोचतो. एक वाट जवळची. कानावर आलेली खबर मेंदूच्या मधल्या ठाण्यावरून थेट बदामाकडे जाते. ही खबर पुसट असते, पण वेगाने पोहोचते. दुसरी वाट लांबची. ती मेंदूच्या वरच्या थरांतून जाते. तेथे आवाज कशाचा आहे याची छाननी होते आणि मग निरोप खाली येतो. आडवाटेची खबर आधी पोहोचते, म्हणून शरीर आधी उसळते आणि समज मागाहून येते. लेडू यांनी हे विवेचन १९९६ साली एका ग्रंथात सामान्य वाचकांसाठी मांडले.

बदामाकडून इशारा मिळताच त्याच्या जवळचा हायपोथॅलॅमस नावाचा भाग शरीराला सज्ज करतो. मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून अॅड्रेनॅलिन रक्तात उतरते, हृदय धडधडू लागते, स्नायू ताठरतात, चेहरा लाल होतो. याच भागाला विजेचा सूक्ष्म स्पर्श केला, की शांत बसलेले मांजर फिस्कारून अंगावर येते, हे झुरिकचे वॉल्टर हेस यांनी दाखवले. मेंदूच्या या भागावरील कार्यासाठी त्यांना १९४९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. २०११ साली कॅलिफोर्नियातील दायू लिन आणि डेव्हिड अँडरसन यांनी उंदराच्या हायपोथॅलॅमसमधील ठराविक पेशी प्रकाशाच्या साहाय्याने जाग्या केल्या, तेव्हा तो उंदीर समोरच्या प्राण्यावर तर तुटून पडलाच, पण हवा भरून फुगवलेल्या हातमोज्यावरही तुटून पडला. हातमोज्याने त्याचे काय बिघडवले होते?

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. अमिग्डाला म्हणजे “रागाची गाठ” नव्हे. भीती, उत्सुकता आणि लक्ष वेधून घेणाऱ्या इतर अनेक गोष्टींतही तिचा वाटा असतो. मेंदूत रागाची एकच एक खोली नाही. शिवाय कपाळामागील मेंदूचा भाग या सगळ्यावर देखरेख ठेवतो. उठलेल्या लाटेला बांध घालतो. हा भाग सर्वांत उशिरा पक्व होतो, साधारण पंचविशीपर्यंत. दारूने तो सैल पडतो, जागरणाने थकतो.

या बांधाला भगदाड पडले तर काय होते, याचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील फिनिअस गेज याचे आहे. तो रेल्वेमार्गाच्या कामावरील मुकादम होता. १३ सप्टेंबर १८४८ रोजी व्हरमाँट राज्यात सुरुंग ठासताना स्फोट झाला आणि साडेतीन फुटांहून लांब लोखंडी पहार त्याच्या गालातून शिरून डोक्याच्या वरून बाहेर पडली. तो वाचला. पण त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टर हार्लो यांनी पुढे लिहून ठेवले, की पूर्वीचा समंजस गेज हरवला. तो लहरी, शिवराळ आणि कुणाचे न ऐकणारा झाला. इथपर्यंतची गोष्ट बरेच जण सांगतात. पुढची कमी सांगितली जाते. हाच गेज नंतर चिली देशात गेला आणि तेथे सुमारे सात वर्षे त्याने घोड्यांच्या टपालगाडीवर सारथ्य केले. घोडे सांभाळायचे, वेळ पाळायची, प्रवाशांशी नीट वागायचे. फुटलेल्या बांधाचा माणूसही रोजच्या शिस्तीने बराचसा सावरू शकतो, असे अनेक अभ्यासक यावरून मानतात.

तेव्हा त्या तरुणाचे अर्धे म्हणणे खरे आहे. रागाची पहिली ठिणगी आपल्याला विचारून पडत नाही. प्रश्न असा, की हे ख्रिस्तसभेला नवीन आहे काय?

मला तसे वाटत नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना अॅरिस्टॉटलचा एक दृष्टांत आम्ही वाचला होता. त्याच्या मते राग हा उतावळ्या नोकरासारखा आहे. मालकाचे वाक्य पुरे होण्याआधीच तो धावत सुटतो आणि काम बिघडवून ठेवतो. किंवा तो दारावरच्या कुत्र्यासारखा आहे. कडी वाजताच तो भुंकतो. आलेला मित्र आहे की चोर, हे पाहण्यासाठी थांबत नाही. लेडू यांच्या आडवाटेचे याहून चांगले चित्र काढता येणार नाही, आणि हे ख्रिस्तापूर्वी चौथ्या शतकातील आहे. राग बुद्धीचे ऐकतो, पण पुरते ऐकत नाही, हा अॅरिस्टॉटलचा विचार तेराव्या शतकात संत थॉमस अॅक्वायनस यांनी स्वीकारला आणि त्याला नैतिक धार दिली. बुद्धीच्या निर्णयाआधी उसळणारी भावना वेगळी आणि निर्णयामागोमाग येणारी भावना वेगळी, असा भेद त्यांनी केला. पहिली मनुष्याच्या कृत्याचा दोष कमी करू शकते. दुसरी त्याच्या इच्छेचीच सावली असते. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या कॅटेकिझमची शिकवणही हीच आहे: भावना स्वतः चांगल्याही नव्हेत आणि वाईटही नव्हेत, बुद्धी आणि इच्छा यांच्याशी जोडल्या गेल्यावर त्यांना नैतिक मोल येते. अज्ञान, भीती, सवय यांमुळे जबाबदारी कमी होऊ शकते, हेही तो ग्रंथ मान्य करतो.

आणि हाच भेद आपल्या मायमराठीने कोणत्याही विद्यापीठात न जाता ओळखलेला आहे. आपण “मला राग आला” असे म्हणतो. राग हा कर्ता, मी केवळ त्याचा मुक्काम. जसा ताप येतो, झोप येते, आठवण येते, तसा राग येतो. पण पुढची क्रियापदे पाहा. राग काढणे, राग धरणे, राग गिळणे, राग सोडणे. या प्रत्येकाचा कर्ता मी आहे. “राग आला” या वाक्यात मी बाजूला उभा असतो. “मी राग धरला” या वाक्यात मीच आरोपीच्या पिंजऱ्यात येतो. त्या तरुणाने “ताट भिरकावलं गेलं” असे म्हणून राग काढण्याच्या क्रियापदाला राग येण्याचे व्याकरण लावले होते. त्याची चूक विज्ञानाची नव्हती, व्याकरणाची होती.

आपण म्हणतो, अमक्याचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. गंमत अशी, की पवित्र शास्त्राच्या हिब्रू भाषेतही राग नाकावरच आहे. तेथे नाक आणि राग यांसाठी “अफ” हा एकच शब्द येतो, आणि परमेश्वर मंदक्रोध आहे असे जेथे आपण वाचतो, तेथे मूळ शब्दांचा अर्थ “लांब नाकाचा” असा आहे. नाक लांब, म्हणून राग शेंड्यापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. देवाला राग येत नाही असे शास्त्र म्हणत नाही. त्याच्या रागाची वाट लांब आहे, असे ते म्हणते.

तेव्हा सारा प्रश्न वेळेचा आहे. ठिणगी आणि कृती यांच्यामधील वेळेचे आपण काय करतो?

हा प्रश्न आपल्या मुंबईतील एका खटल्यात देशापुढे आला होता. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलातील अधिकारी कावस नानावटी यांना घरी समजले, की आपल्या पत्नीचे आपल्याच मित्राशी संबंध आहेत. त्यांनी पत्नीला व मुलांना चित्रपटगृहात सोडले. तेथून ते आपल्या जहाजावर गेले, खोटे कारण सांगून पिस्तूल आणि सहा काडतुसे घेतली, मित्राच्या कचेरीत गेले, तो तेथे नाही असे कळल्यावर त्याच्या घरी गेले आणि गोळ्या झाडल्या. ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवले. न्यायाधीशांनी ते मान्य न करता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले आणि तेथे जन्मठेप झाली. २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. गंभीर आणि आकस्मिक चिथावणीमुळे मनावरचा ताबा सुटला असेल तर खुनाचा दोष सौम्य होतो, हे आपला कायदा मान्य करतो. परंतु न्यायालयाने घड्याळ पाहिले. दीड वाजता घर सोडले, खून झाला चार वाजून वीस मिनिटांनी. मधल्या सुमारे तीन तासांत स्वतःला सावरण्यास पुरेसा अवधी होता, असे न्यायालय म्हणाले. पुढे १९६४ साली नानावटींना माफी मिळाली. पण माफी मिळाली म्हणून निवाड्यातील विचार पुसला गेला नाही. त्या तीन तासांत राग “येत” नव्हता. तो धरलेला होता.

उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायातही असाच मधला अवकाश आहे. काईनाला राग आला, त्याचे तोंड उतरले, आणि हाबेलचा खून होण्याआधी देव त्याच्याशी बोलतो. तो विचारतो, तू का रागावलास? पाप दाराशी दबा धरून बसले आहे आणि त्यावर तुझी सत्ता चालली पाहिजे, असे तो बजावतो. देव येथे राग आल्याबद्दल शिक्षा करीत नाही. तो राग आणि दगड यांच्यामध्ये येऊन उभा राहतो. ज्याला आपण सद्सद्विवेकबुद्धी म्हणतो, तिचे कामही हेच आहे.

वाचक विचारतील, तीन तासांचे ठीक आहे, पण त्या तरुणाच्या ताटाला तीन क्षणही लागले नव्हते. खरे आहे. म्हणून दुसऱ्या भेटीत मी त्याला एकच गोष्ट विचारली. “कंपनीत साहेब तुला चारचौघांत बोलतो तेव्हा तू टेबलावरचं काय भिरकावतोस?” तो हसला. मग हसू थांबले. साहेबासमोर बदाम पेट घेत नाही काय? घेतो, कदाचित अधिकच. पण तेथे कपाळामागचा बांध उभा राहतो, कारण तेथे नोकरी जाण्याची भीती आहे. घरी तो बांध ढासळतो, कारण घरी काही जाणार नाही अशी खात्री आहे. आपला राग पाण्यासारखा उताराकडे वाहतो. जो राग दुबळ्याला पाहून सुटतो आणि बलवंताला पाहून आवरतो, तो आंधळा नाही. त्याला उतार बरोबर दिसतो. मग “माझ्या हातात नव्हते” हे विधान खोटे ठरते. हातात होते, घरी ते हातात घेण्याची गरज वाटली नाही, इतकेच.

आणि क्षणाचे कृत्य क्षणात जन्मत नसते. कुत्रा कुणावर भुंकतो, हे त्याला कुणीतरी शिकवलेले असते. रात्री दोन पेले घेऊन घरात शिरणाऱ्याला ठाऊक असते, की आपला बांध आज सैल आहे. जबाबदारी केवळ ताट उचलण्याच्या क्षणी तपासायची नसते. पेला उचलण्याच्या क्षणी, मनात जुना अपमान घोळवण्याच्या क्षणीही ती तपासायची असते. राग मोकळा केला की निवतो, असा एक समज आहे. २००२ साली ब्रॅड बुशमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने तो पारखून पाहिला. अपमान झालेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना त्या अपमान करणाऱ्याचा विचार करीत मुष्टियुद्धाच्या पिशवीवर ठोसे मारायला लावले, तर काहींना नुसते शांत बसवले. ठोसे मारणारे अधिक संतापलेले आणि अधिक आक्रमक निघाले. राग काढल्याने राग जात नाही. त्याला वाट सापडते आणि दुसऱ्या दिवशी तो त्याच वाटेने येतो.

आता त्या घरातील दुसऱ्या बदामाविषयी बोलले पाहिजे. विज्ञान जर पतीच्या मेंदूत डोकावते, तर त्याने पत्नीच्या मेंदूतही डोकावावे. तिच्या कानशिलांआडही तोच पुंजका आहे. दारातील चपलांचा आवाज, किल्लीची खळखळ, ताट पुढे सरकवण्याची पद्धत यांतून धोका ओळखायला तो शिकलेला आहे. तिच्या हाताचा घट्ट धरून उभ्या असलेल्या मुलाचा बदामही शिकत आहे. पती म्हणतो, माझा मेंदू माझ्या आधी ठरवतो. खरे तर तो आणखी दोन मेंदूंचे ठरवत आहे. प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात खुनाच्या आज्ञेसोबत क्रोधाचे आणि अपशब्दाचे नाव घेतले, त्याचे मर्म मला येथे कळते. घाव बसण्याआधीच दुसऱ्याच्या आत काहीतरी मरू लागलेले असते.

येथे मला माझे एक पाप कबूल केले पाहिजे. पौरोहित्याच्या सुरुवातीच्या वर्षांत अशीच एक भगिनी माझ्याकडे आली होती. मी तिला सहनशीलतेविषयी सांगितले, ख्रिस्ताच्या क्रुसाची आठवण दिली आणि घरी पाठवले. ती मान हलवून निघून गेली आणि पुन्हा कधी माझ्याकडे आली नाही. तिला गरज होती ती कुणीतरी तिच्या बाजूने उभे राहण्याची. क्षमा म्हणजे मार खाण्याचा परवाना नव्हे. आपल्या देशात २००५ सालापासून कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा कायदा आहे. त्याचा आधार घेणारी पत्नी विवाहसंस्काराचा भंग करीत नाही. तो भंग हात उगारणारा आधीच करून बसलेला असतो.

मग राग मुळीच येऊ नये काय? तसे नाही. मार्कच्या शुभवर्तमानात शब्बाथाच्या दिवशी वाळलेल्या हाताचा माणूस समोर असताना लोक गप्प राहतात, तेव्हा प्रभू त्यांच्याकडे रागाने पाहतो. पण शुभवर्तमानकार लगेच सांगतो, की त्यांच्या मनाच्या कठोरपणामुळे तो खिन्नही झाला होता. आणि त्या रागातून काय घडले? एक हात बरा झाला. अन्यायासमोर मुळीच राग न येणे हाही दोष असू शकतो, असे संत थॉमस म्हणतात. आपला राग पारखण्यासाठी यापेक्षा चांगली कसोटी मला ठाऊक नाही: त्यात दुःख मिसळलेले आहे काय, आणि त्यातून कुणाचा हात बरा होतो की कुणाचा मोडतो?

पैठणच्या संत एकनाथांची आख्यायिका महाराष्ट्रातील प्रत्येक घराला ठाऊक आहे. गोदावरीवर स्नान करून येणाऱ्या नाथांच्या अंगावर एक माणूस पुन्हा पुन्हा थुंकला आणि ते पुन्हा पुन्हा स्नानाला गेले.  कथा सांगते, की प्रत्येक वेळी त्यांची पावले नदीकडे वळली. आपल्याला नाथांची शांती लाभेल न लाभेल, पण प्रत्येकाला आपली नदी शोधता येईल. कुणाला ती अंगणात दहा पावले चालण्यात सापडेल, कुणाला एका “नमो मारिया”मध्ये. कुणाला “मला आता राग आला आहे” एवढे वाक्य स्वतःशी उच्चारण्यातही ती सापडेल. भावनेला नाव दिले की अमिग्डालाची उसळी मंदावते, असे २००७ साली कॅलिफोर्नियातील मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात दिसून आले आहे. आपल्या पूर्वजांनी रात्रीच्या आत्मपरीक्षणाची सवय लावली, तीही दुसरे काय होती? दिवसाच्या रागांना नाव देऊन झोपणे.

संत पौलाने इफिसकरांना लिहिताना रागाला सूर्यास्ताची मुदत घालून दिली. राग येईल, हे त्याने गृहीत धरले होते. तो किती वेळ धरायचा, एवढेच त्याने ठरवून दिले.

पास्काच्या सणानंतर घरांना आशीर्वाद देत फिरताना मी त्या तरुणाच्या घरी गेलो. तो म्हणाला, “फादर, राग अजून येतो.” मी म्हणालो, “तो मलाही येतो.” ताटाविषयी मी त्याला काही विचारले नाही. तो प्रश्न त्याला विचारण्याचा नव्हताच. त्याचे उत्तर त्याच्या पत्नीकडे होते, म्हणून मी तिच्याकडे वळलो आणि या वेळी तिचे बोलणे पुरे होईपर्यंत ऐकत राहिलो.